पाणी बारवीचे की उल्हासचे?



पावसाळ्यात रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या व्हरांड्यात छत्र्या झटकता झटकता जी चर्चा सुरू होते, तिचा विषय ठरलेला असतो. नदी कुठवर आली? बारवी किती भरली? चौपाटीचा रस्ता चालू आहे का? या चर्चेत एक जण हमखास म्हणतो, "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." दुसरा लगेच म्हणतो, "डोळ्यांचं सोडा, पेपरात आकडा आलाय." मग आवाज चढतात. चहा थंड होतो. घरी जाताना दोघांनाही वाटत असते की समोरचा हट्टी आहे.

या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही हाच वाद घेतला आहे. स्वतःचा अनुभव आणि तपासून पाहता येणारी वस्तुस्थिती, यांपैकी चर्चेत कोणाला किती मान द्यावा? आम्ही, म्हणजे हे पान लिहिणारी चार-पाच माणसे, या विषयाकडे वळलो ते पुस्तके वाचून नव्हे. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे वळलो. ती चूक आधी सांगतो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री पावसाने झोडपून काढले होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात उभी असल्याची बातमी देशभर झाली. इकडे बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत घराघरांत पाणी शिरले होते. त्या पहाटे आमच्यापैकी एकाने नदीजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध जोडप्याला फोन केला. "मावशी, बारवी सोडलीय. आत्ताच्या आत्ता निघा."

मावशींनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? फोन करणारा ओळखीचा, चर्चमधला, कधी खोटे न बोलणारा. दोघे औषधांची पिशवी घेऊन खाली उतरले आणि कंबरभर पाण्यातून स्टेशनच्या दिशेने निघाले. वाटेत झाकण नसलेल्या गटारात काकांचा पाय गेला आणि मोडला. पाणी ओसरल्यावर कळले, की ते दुसऱ्या मजल्यावरच थांबले असते तर त्यांच्या जिन्याच्या पाच पायऱ्या भिजल्या असत्या, एवढेच. काका पुढचा नाताळ येईपर्यंत काठी घेऊन चालत होते. त्यांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते अजून टोचते.

पुढे काही आठवड्यांनी आम्ही बसलो आणि एकच प्रश्न विचारला. बारवी सोडली, हे आपल्याला कुणी सांगितले? फोन करणाऱ्याने शेजाऱ्याकडून ऐकले होते. शेजाऱ्याने रिक्षावाल्याकडून. रिक्षावाल्याचे म्हणणे होते की "धरणावरून पाणी धो धो पडतंय" असे लोक बोलत होते. त्यापलीकडे माग लागला नाही. पण बदलापुरात राहणाऱ्याच्या मनात इथे एक शंका नक्की येईल. आपल्याकडे "धरण" म्हटले की बारवी, आणि "धरण" म्हटले की बॅरेजसुद्धा! उल्हास नदीवरचा बॅरेज हा बंधारा आहे, जीवन प्राधिकरण तिथून पाणी उचलते. पुरात त्यावरून पाणी पडणारच. कुणी तरी बॅरेज पाहिला असेल आणि ऐकणाऱ्याने बारवी समजून घेतली असेल. पाहणारा खरे बोलला असेल, सांगणाराही खरे बोलला असेल, आणि तरीही मावशींच्या कानी पोहोचेपर्यंत ते खोटे झाले असेल.

आता नकाशा समोर घेऊ या. हे काम आम्ही २०१९ पूर्वीच करायला हवे होते.

उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरांतून निघते. कर्जत, नेरळ, वांगणी करीत ती बदलापूरला येते आणि पुढे आपटी, जांभूळ, रायते, मोहने अशी कल्याणच्या खाडीकडे जाते. बारवी ही वेगळी नदी. तिच्यावरचे धरण बदलापूरच्या पूर्वेला, मुरबाड तालुक्याच्या अंगाला आहे. ते १९७२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. त्याचे पाणी कारखान्यांना जाते, तसेच उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई अशा शहरांच्या भागांनाही मिळते. आता महत्त्वाची गोष्ट. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहर ओलांडल्यावर, खालच्या बाजूला. धरणातून सोडलेले पाणी नदीतूनच वाहत जाते आणि जांभूळला उचलले जाते. म्हणजे बारवीचे दरवाजे उघडले तर काळजी करायची ती संगमाच्या खालच्या गावांनी. ते पाणी उलटे चढून बदलापूरच्या घरांत शिरायला नदीला डोंगराकडे वाहावे लागेल.

दुसरी गोष्ट दरवाज्यांची. "रात्री साहेबांनी गुपचूप दरवाजे उघडले" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी ७२.६० मीटरला पोहोचली की ते आपोआप उघडतात. तेव्हा प्रश्न साहेबांचा नसून पातळीचा आहे, आणि पावसाळ्यात ती पातळी रोज कळू शकते. ७२.६० हा आकडाही नीट समजून घेण्यासारखा आहे. आमच्यातलेच एक गृहस्थ कितीतरी वर्षे सांगत होते की धरणाची भिंत ७२ मीटर उंच आहे. तसे नाही. ही समुद्रसपाटीपासून मोजलेली पाण्याची पातळी आहे. उंची वाढवण्यापूर्वी ती ६८.६० होती. बदलापूरजवळ उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून "बघा, बारवीचं पाणी आपल्यापेक्षा ५५ मीटर वर आहे" असा धाक घालणाराही आम्ही पाहिला आहे. आकडे दोन्ही बरोबर, वजाबाकी बरोबर, आणि निष्कर्ष पार चुकीचा. आकडा तोंडपाठ असणे म्हणजे वस्तुस्थिती माहीत असणे नव्हे.

आणखी एक. बदलापूरच्या नदीत धरणाचे पाणी मुळीच येत नाही असे म्हटले तर तेही खोटे ठरेल. मावळातल्या आंध्रा धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून उल्हासमध्ये उतरते. उन्हाळ्यात आपली नदी कोरडी पडत नाही ती त्यामुळे. आणि दोन नद्यांना एकाच वेळी पूर आला तर संगमाशी पाणी तुंबते, त्याचा फुगवटा थोडा वरपर्यंत जाणवू शकतो. म्हणून "बारवीचा काहीएक संबंध नाही" असे टेबलावर हात आपटून म्हणणाऱ्यानेही जरा दमाने घ्यावे. शहरात पाणी भरले ते मुख्यतः वरच्या खोऱ्यात कोसळलेल्या पावसाने आणि नदीच्या पात्रालगत वाढलेल्या वस्तीमुळे, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, झाले तर! आकडे खरे, माणसे खोटी. तसे आम्हांला म्हणायचे नाही. उलट या विषयाची अवघड बाजू इथूनच सुरू होते.

लोकांनी बारवीची धास्ती का घेतली, हे पाहा. त्या पुराच्या अवघे पंचवीस दिवस आधी, २ जुलै २०१९ च्या रात्री, रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यांच्याजवळ उपकरण नव्हते, तांत्रिक अहवाल नव्हता. होती ती फक्त रोज धरणाच्या कडेने जाणारी नजर. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, आणि महाराष्ट्र हसावे की रडावे या विचारात पडला. तिवऱ्यात "मी स्वतः पाहिलंय" म्हणणारा माणूस बरोबर होता आणि कागद चुकला होता. पुण्याच्या जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवते. त्या दिवशीही पाणी शहरात शिरेपर्यंत पुष्कळांना धोक्याची वेळेवर कल्पना दिली गेली नव्हती. अशा आठवणी असलेल्या समाजाला "अफवांवर विश्वास ठेवू नका" एवढेच सांगून भागत नाही.

पण दुसरीकडची आठवणही विसरू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतर दोन दिवसांनी, २८ जुलैच्या संध्याकाळी, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, समुद्र आत येत असल्याची आवई उठली आणि अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली. पंधराहून अधिक माणसे मेली. त्या वेळी पाणी आलेच नव्हते.

मग ओळखायचे कसे? तिवऱ्याचा गावकरी आणि आमचा फोन करणारा मित्र, दोघेही प्रामाणिक. फरक कुठे पडला?

आम्हांला सापडलेला फरक असा. तिवऱ्याचा माणूस आपण पाहिले तेवढेच सांगत होता: इथून पाणी झिरपते आहे. आमच्या मित्रानेही काही तरी पाहिले होते. त्याने पाहिले होते की त्याच्या इमारतीच्या फाटकाशी दहा मिनिटांत पाणी वीतभर चढले, आणि ते गढूळ होते. हे त्याने मावशींना सांगितले असते तर ती बहुमोल माहिती होती. मावशींनी खिडकीतून वाकून आपल्या फाटकाकडे पाहिले असते आणि आपले आपण ठरवले असते. पण ते त्याने सांगितलेच नाही. त्याने सांगितले त्या पाण्याचे कारण, जे त्याने पाहिले नव्हते. पाहिलेले मागे राहिले आणि ऐकलेले "मी सांगतो ना" या आवाजात पुढे गेले.

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची उलटतपासणी होते, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. परुशी त्याला येशूविषयी निवाडा द्यायला लावतात, हा माणूस पापी आहे म्हण, असा आग्रह धरतात. तो त्या जाळ्यात सापडत नाही. तो पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे मला ठाऊक आहे, या आशयाचे उत्तर देऊन तो आपल्या जागी उभा राहतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो, आणि जे स्वतःवर घडले त्यापासून धमकावले तरी तसूभर मागे सरत नाही. आपल्या व्हरांड्यातल्या चर्चांत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाजवळ क्वचितच असतात. काही जण ठाऊक नसलेलेही ठासून सांगतात. काही जण चार इंग्रजी शब्द ऐकले की स्वतः भोगलेलेही मागे घेतात.

हे दुसरे अधिक दुःखाचे. बारवीच्याच बाबतीत सांगतो. धरणाची उंची वाढली, साठा सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटरपर्यंत गेला, २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव पातळीपर्यंत प्रथमच पाणी साठले. आमच्या नळाला पाणी आले, आम्ही आनंदलो. त्या पाण्याखाली तोंडली, मोहघर, काचकोली अशा मुरबाड तालुक्यातल्या गावांची आणि पाड्यांची घरे, शेते गेली. पुनर्वसन झाले, घरटी एकाला औद्योगिक महामंडळात किंवा पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांत नोकरी देण्याचा निर्णय झाला. ही सारी वस्तुस्थिती आहे, कुणीही तपासून पाहावी. पण तिथून उठून आलेली एखादी बाई जेव्हा म्हणते, "माझ्या आईला जिथं जाळलं ती जागा आता पाण्यात आहे, तिला वर्षाचं फूल कुठं वाहू?" तेव्हा तिच्यासमोर दशलक्ष घनमीटर मांडून काय साधणार? ती आकड्याशी वाद घालत नाही. आकड्याला जे मोजता येत नाही ते ती सांगते आहे. अशा वेळी "पण ताई, नुकसानभरपाई मिळाली ना" असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो फक्त तिच्या प्रश्नाचे उत्तर न देता दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

याच बाईने उद्या म्हटले, की "एकालाही नोकरी मिळाली नाही," तर? तिथे मात्र आपण हात जोडून, पण स्पष्टपणे विचारले पाहिजे: तुमच्या घरी मिळाली नाही, की कुणालाच मिळाली नाही? पहिली गोष्ट तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. दुसरी यादी पाहूनच ठरेल. "माझ्या घरी" आणि "कुणालाच" यांच्यात जे अंतर आहे, त्यात आपले निम्मे वाद राहतात. दुःख सांगणाऱ्याला असा प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे काही जणांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. तिच्या घराचा प्रश्न सुटायचा असेल तर तो तिच्या घराचा म्हणूनच मांडला गेला पाहिजे.

आकडेसुद्धा पहिल्या दिवशी कच्चेच असतात, हेही मनात असू द्यावे. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये किती माणसे अडकली? त्या सकाळी कुणी सातशे सांगत होते, कुणी दोन हजार. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल आणि आसपासचे गावकरी यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले तेव्हा तो आकडा हजाराच्या थोडा वर भरला. सकाळचे आकडे सांगणारे लबाड होते असे नाही. कुणी डबे मोजून अंदाज केला असेल, कुणी आरक्षणाची यादी पाहिली असेल. म्हणून घटना ताजी असताना "आत्तापर्यंत असे कळते" हे शब्द जोडायला लाजू नये. त्याने बोलणाऱ्याचे वजन कमी होत नाही. आमच्या एका सदस्याची आई तर कोणतीही बातमी सांगताना आधी "ऐकीव आहे हं" म्हणायची. आम्ही लहानपणी हसायचो.

लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत एक प्रयोग करून पाहावा अशी विनंती आहे. प्रत्येकाने मागच्या पुराविषयी तीन वाक्ये सांगायची. एक, मी काय पाहिले. दोन, मी काय ऐकले आणि कुणाकडून. तीन, त्यावरून मी काय समजलो. आमच्या गटात हे करताना फार वेळ लागला, कारण पहिल्याच वाक्यात तिसरे घुसत होते. "मी धरणाचं पाणी पाहिलं," असे एकाने सुरू केले. धरणाचे कशावरून? "बरं, पाणी पाहिलं." केवढे? "गुडघ्याच्या वर." कुठे उभे होता? इथे मात्र तो गप्प झाला, आठवू लागला, आणि मग म्हणाला की वाण्याच्या ओट्यापाशी, सकाळी सात-साडेसातला. त्या एका उत्तराने आम्हांला जेवढे कळले तेवढे आधीच्या अर्ध्या तासात कळले नव्हते.

मावशींच्या सोसायटीत पुढे एक काम झाले. फाटकाच्या खांबावर ऑइल पेंटने आडव्या रेघा मारल्या आहेत आणि शेजारी साल लिहिले आहे. २००५ ची रेघ सर्वांत वर, ती जुन्या रहिवाशांच्या आठवणीतून आणि भिंतीवरच्या डागावरून काढली. २०१९ ची रेघ पाणी ओसरायच्या आधीच खडूने केली होती, ती नंतर रंगवली. आता पाऊस जोराचा लागला की वॉचमन रात्री टॉर्च घेऊन खांबापाशी जातो आणि वर फोन करतो. "एकोणीसच्या दोन वीत खाली आहे, काका." काका खुर्चीतून उठत नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, त्याची रेघ मात्र अजून नाही. ती २०१९ च्या वर यावी की खाली, यावर दोन विंगांत वाद आहे. त्या रात्री खडू कुणाजवळच नव्हता.